तुंगूमाचं आठवं प्रेक्षणीय स्थळ

चिकावे मास्तरांनी तुंगूमात सात ठिकाणी पाट्या ठोकल्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, वर आकडा आणि खाली मास्तरांच्या वळणदार हस्ताक्षरात इतिहास. सुलतानाचा हमाम, चाच्यांची गुहा, फाशीची गोरखचिंच, दीपगृह, देवमाशाचा सांगाडा, पिराची कबर आणि सातवं म्हणजे सूर्यास्त बिंदू. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, बायको लिंडीला लेकीकडे राहायला गेली होती, आणि माणसाला काहीतरी उद्योग लागतोच.

माझं शिवणयंत्र जुन्या जकातघराच्या व्हरांड्यात असतं. समोर चार पावलांवर बी सोमोएची ऑक्टोपस तळायची कढई; बी म्हणजे आमच्याकडे बाई. त्यामुळे जे घडलं ते बहुतेक मी पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते तिने मला ऐकवलं, मला काम आहे म्हटलं तरी ऐकवलं.

सोमोए तेव्हा अठ्ठावन्नची असेल. पुनवेच्या आणि अवसेच्या सुमाराला पाणी लांब हटलं की आमच्या बायका प्रवाळाच्या खडकांवर उतरतात. त्यात ही सगळ्यांच्या पुढे. कमरेला गुंडाळलेला कांगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात लोखंडी सळई. बिळात सळई घालायची, ऑक्टोपसने मनगटाला मिठी मारली की त्याला तिथल्या तिथे चार शिव्या द्यायच्या आणि खेचून बाहेर काढायचा. किनाऱ्यावर आणला की दगडावर आपटायचा, म्हणजे मऊ पडतो. आपटताना ती नवऱ्यांची नावं घ्यायची. तीन झाले होते. पहिला समुद्रात गेला, दुसरा मोझांबिकमध्ये गेला, तिसऱ्याला तिने घालवला. एका ऑक्टोपसला पन्नासएक तडाखे लागतात, म्हणजे तिघांच्याही वाट्याला पुरेसे यायचे. मूल एकाहीपासून झालं नाही. त्याबद्दल तिच्यासमोर कोणी बोलत नसे.

पाट्या लागल्या, पण त्या वाचायला माणसं कुठून आणायची? लिंडीहून आठवड्यातून दोनदा बस, आणि पावसात नदीवरचा पूल गेला की तीही बंद. पहिल्या वर्षी एकंदर अकरा पाहुणे आले. त्यातले तिघे काजूखरेदीवाले होते आणि त्यांना फक्त संडास कुठे आहे ते हवं होतं. पण जो सापडेल त्याला मास्तर मशिदीच्या पायरीपासून धरत आणि सूर्य मावळल्याशिवाय सोडत नसत. सूर्यास्त बिंदूची तर मोठी पंचाईतच होती. आमचा समुद्र पूर्वेला. सूर्य मावळतो तो काजूच्या बागांमागे, आणि तो नीट दिसेल अशी उंच जागा गावात एकच, उकिरडा. मास्तर पाहुण्यांना तिथे उभं करून, वाऱ्याकडे पाठ करा, एवढीच सूचना देत.

दुसऱ्या वर्षी मास्तर मोतीबिंदू काढायला लिंडीला गेले. नेमकं त्याच आठवड्यात दार-ए-सलामहून एक जोडपं आलं. जेनिस्टा नर्स होती, तिचा नवरा फ्रुमेन्स वीज खात्यात. नुकतं लग्न झालेलं. त्यांना खरं तर पुढे जायचं होतं, पण बसचा आस तुटला आणि दोन दिवस तुंगूमा त्यांच्या नशिबी आलं. दोघं माझ्यासमोरची पहिली पाटी, सुलतानाच्या हमामाची, वाचत उभी राहिली आणि जेनिस्टाने कढईपाशी बसलेल्या सोमोएला विचारलं की सुलतान इथे कधी येऊन गेला.

सोमोएने झारा खाली ठेवला. "सुलतान इथे कशाला मरायला येईल? मी इथे जन्मले, मलाच जावंसं वाटतं. जकातवाल्यांची गाढवं धुवायचे त्या टाक्यात."

फ्रुमेन्स हसला. मग त्याने पुढच्या पाट्यांबद्दल विचारलं. सोमोएने कढई माझ्या भरवशावर सोडली आणि त्यांना घेऊन गेली. गुहेत चाचे कधीच नव्हते, तिने सांगितलं. वटवाघळं होती आणि ज्यांचं घरच्यांना मान्य नाही अशी जोडपी होती. "माझा दुसरा नवरा मला इथेच भेटला. म्हणजे एक चाचा आला होता म्हणा." गोरखचिंचेवर कोणी फाशी गेलेलं नाही, तिचा मामा तेवढा वरून पडला. मध काढायला चढला होता, माडी पिऊन. वाचला. मामीला त्याचं फार वाईट वाटलं. दीपगृहातला दिवा तिच्या जन्माआधीच कोणीतरी नेला आणि आता तिथे इमामसाहेबांच्या भावाच्या कोंबड्या. देवमाशाचा सांगाडा निम्माच राहिलाय, कारण त्याचे मणके बसायला चांगले. शिंपी ज्यावर बसतो तो त्यातलाच. तेव्हा ती दोघं परत येऊन माझ्या बुडाखालच्या मणक्याचाही फोटो काढून गेली.

पिराच्या कबरीपाशी मात्र ती काहीच बोलली नाही. चपला काढा, एवढंच म्हणाली, आणि स्वतः जरा लांब उभी राहिली.

फ्रुमेन्सने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दारला, म्हणजे दार-ए-सलामला, गेल्यावर त्याने ते इंटरनेटवर टाकलं आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तेव्हा आमच्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय सिग्नल येत नसे. पण जूनमध्ये बसमधून नऊ माणसं उतरली. जुलैत चौदा. सगळी सरळ जकातघरापाशी येऊन विचारायची की गाढवं धुणारी बाई कोणती.

मास्तर दोन महिने लेकीकडे काढून, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परतले, तेव्हा बारा माणसं सोमोएच्या मागे गुहेकडे चालली होती. त्यांनी पट्टी उचलून पाहिलं, पुन्हा खाली केली आणि माझ्याकडे येऊन बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. ती परत आली तेव्हा त्यांनी तिला उभ्या बाजारात सुनावलं की चाळीस वर्षं मी या गावातल्या पोरांना इतिहास शिकवला आणि तू चाळीस सेकंदांत गावाची अब्रू घालवलीस.

"अब्रू होती तर पाट्या कशाला रंगवाव्या लागल्या, मास्तर?" सोमोए म्हणाली.

"अगं, पण लोकांना काहीतरी बघायला हवं ना. एवढ्या लांबून येतात."

"येतात ना? मग त्यांना जे आहे ते दाखवा."

मास्तर म्हणाले, जे आहे ते बघायला कोणी येत नाही. ती म्हणाली, आत्ता बारा जण आले होते. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत, पण फेरीच्या मागे पंधरा पावलांवरून चालत आणि ती काही बोलली की जोरात खाकरत. पाहुण्यांना वाटायचं, हेही कार्यक्रमातच आहे.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावाहून कापिंगा साहेब आले. पर्यटनाचं खातं त्यांच्याकडे. जिल्ह्यातल्या प्रेक्षणीय स्थळांचं एक पत्रक छापायचं होतं आणि तुंगूमा त्यात घालायचं की नाही ते त्यांनी स्वतः बघून ठरवायचं होतं. घातलं तर पूल दुरुस्त होईल, अशी बातमी कोणीतरी उठवली. त्यामुळे साहेबांच्या मागे अख्खं गाव निघालं. प्रत्येक पाटीशी आधी मास्तर बोलत, मग सोमोए. साहेब पोट धरून हसत होते, मास्तरांचंही ऐकत होते, आणि सगळं बरं चाललं होतं.

मग सगळे सहाव्या पाटीशी आले. शुक्रवार होता. कबरीपाशी पाच-सहा बायका ऊद जाळून, गुलाबपाणी शिंपडून बसल्या होत्या. शेजारच्या झुडपाला नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. मास्तरांनी पट्टीच्या वक्त्यासारखं सांगितलं की हा पीर समुद्रापलीकडच्या हद्रमौतहून नमाजाच्या चटईवर बसून समुद्रावरून आला. साहेब सोमोएकडे वळले. तिने मान हलवली. मला काही सांगायचं नाही, म्हणाली.

"पाच ठिकाणी एवढं बोललात," साहेब म्हणाले, "इथे काय झालं? की मास्तरांचं हे एक तरी खरं आहे?"

साहेब गमतीने बोलले होते. पण मी तिच्या बाजूलाच उभा होतो आणि तिचा जबडा आवळलेला मला दिसला.

तिने सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी, तिची आई तेव्हा आजीच्या पोटात होती, समुद्राने एक माणूस किनाऱ्यावर आणून टाकला. नाव नाही, गाव नाही. कमरेला पितळी डाव खोचलेला, म्हणजे कुठल्यातरी गलबतावरचा आचारी. त्याचा धर्म कोणता, त्याला पुरायचा कसा, यावर पुरुषमंडळी दुपारपर्यंत वाद घालत बसली आणि तो उन्हात पडून राहिला. तेव्हा सोमोएची आजी, अजीना, पहाटेपासून चालून आणलेला पाण्याचा घडा घेऊन आली आणि तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. घरात प्यायला दुसरं पाणी नव्हतं. मग पुरुषांना लाज वाटून त्यांनी खड्डा खणला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. पुढे जकातघराच्या डागडुजीतला उरलेला चुना कोणीतरी त्यावर लावला. कबर पांढरी झाली, आणि पांढरी झाल्यावर कोणाची तरी हरवलेली शेळी सापडली.

"पीर नाही तो," ती म्हणाली. "आचारी होता."

बायकांत बी हादिया होती. इमामसाहेबांची मेहुणी. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर याच कबरीला नवस बोलून तिला जुळी झाली होती. ती उठून उभी राहिली.

"मग माझी पोरं कुणी दिली?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार," सोमोए म्हणाली.

गाव हसलं. हसायला नको होतं. सोमोएलाही ते लगेच कळलं असावं, कारण तिचा आवाज उतरला. "हादिया, मीही मागितलं होतं त्याच्याकडे. तीन नवऱ्यांच्या वेळी तीनदा. आचारी आहे हे ठाऊक असून मागितलं. आजीने त्याला धुतलं होतं ना, म्हटलं, एवढी ओळख ठेवेल." पण हादियाने ते ऐकलं नाही. ती निघून गेली आणि तिच्या मागे बाकीच्याही गेल्या.

त्यानंतर कढईपाशी बायका यायच्या बंद झाल्या. पुरुष लपूनछपून पुडी न्यायचे. माझ्याच बायकोने मला बजावलं की घरात ऑक्टोपस दिसला तर तूही त्याच्याबरोबर बाहेर. ते एक वेळ चाललं असतं. पण खडकांवर तिच्या बाजूने कोणी चालेना, हे वाईट होतं. पाणी कधी वळतं ते एकटीला कळत नाही. पाय फटीत अडकला तर ओढायला कोणीतरी लागतं. एका पुनवेला ती लंगडत परत आली, टाचेत समुद्री साळूचे सात-आठ काटे. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिने ते माझ्या सुईने काढले.

मग शिवणाकडे बघत तिने विचारलं, "मी खोटं बोलले का रे, शिंप्या?"

मी नाही म्हटलं.

"माझ्या आजीने प्यायचं पाणी ओतलं त्याच्यावर. अनोळखी माणसावर. मला वाटायचं याहून मोठं काय असणार. आणि यांना ती उडती चटई मोठी वाटते."

दोरा तुटला होता, तो ओवत बसलो.

सहा आठवडे असे गेले. सातव्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी, सगळ्या बायका बाजारात असताना, चिकावे मास्तर आले, कढईसमोर स्टूल ओढून बसले आणि मोठ्याने एक प्लेट मागितली. मास्तरांच्या तोंडात तेव्हा चार दात होते आणि त्यातले दोन समोरासमोर नव्हते. ऑक्टोपसचा एक तुकडा त्यांना पंधरा मिनिटं पुरला. त्यांनी सगळी प्लेट संपवली. दुपारच्या नमाजाची बांग झाली तरी ते चावत होते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून बघत होती, कारण हे काही रोज दिसणारं दृश्य नव्हतं. शेवटचा तुकडा गिळून त्यांनी खिशातून वही काढली आणि सोमोएला आजीचं पूर्ण नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा घेऊन सहाव्या पाटीपाशी गेले. 'पिराची कबर' त्यांनी तशीच ठेवली, चटईही ठेवली. खाली एक ओळ घातली: 'तुंगूमाच्या अजीना बिंती मफ्ताह यांनी दुष्काळाच्या वर्षी स्वतःच्या घड्यातल्या पाण्याने या पाहुण्याला आंघोळ घातली.' सोमोएने चटईवरून भांडण काढलं. मास्तर म्हणाले, पिरालाही शेवटची आंघोळ कोणीतरी घालतंच, तुझ्या आजीचं खरं आणि माझी चटई, दोन्ही एका पाटीवर मावतात, तू आता गप्प बैस. आणि काय नवल, ती बसली.

हादिया शुक्रवारी आली तेव्हा तिने ती ओळ बोट फिरवत वाचली. तशीच घरी गेली. पण पुढच्या अवसेला खडकांवर सोमोएच्या उजव्या हाताला कोणीतरी चालत होतं. सोमोए मला म्हणाली, तासभर ती बया तोंडातून शब्द काढेना, मग माझ्या हातून एक मोठा ऑक्टोपस निसटला तेव्हा म्हणाली, म्हातारी झालीस. तेव्हा कळलं, मिटलं.

पत्रक आलं ते पुढच्या काजूच्या हंगामात. तुंगूमाच्या नावाखाली सातही स्थळं होती. आणि खाली आठवं: 'बी सोमोए. स्थानिक वृद्धा. ओहोटीच्या वेळी उपलब्ध नाही.' मास्तरांनी ते बाजारात तीनदा मोठ्याने वाचलं. सोमोएला 'वृद्धा' सोडून बाकी काही ऐकू आलं नाही. कापिंगा साहेबांना पत्र लिही, म्हणून ती आठवडाभर माझ्या मागे होती. पूल अर्थातच झाला नाही.

तेव्हापासून फेरी दोघं मिळून करतात. मास्तर आधी, ती नंतर, आणि शेवटी दोघं एकदम. परदेशी पाहुण्यांना भाषा कळत नाही, पण तेही भांडण संपेपर्यंत थांबतात.

मागच्या वर्षी जेनिस्टाने तिला दारला बोलावलं. सोमोए लिंडीपलीकडे कधी गेली नव्हती. निघताना मास्तरांनी तिला बजावलं की तिथल्या लोकांसमोर आपली जीभ जरा आवर, गावाचं नाव आहे. आम्हा सगळ्यांना खात्री होती की ती दारची एकही वास्तू धड ठेवणार नाही.

बारा दिवसांनी ती परत आली. कढई पेटवली नाही, माझ्या पायरीवर बसली आणि सुरू झाली. जेनिस्टाने तिला एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात नेलं होतं. तिथे एक तरुण माणूस सगळ्यांना फिरवत होता. त्याने एक खुर्ची दाखवली, तिच्यावर बसून एक गोरा गव्हर्नर जेवणाआधी रोज एक अननस एकट्याने खायचा. एक तलवार दाखवली, ती आपोआप म्यानातून निघायची. एक आरसा होता, त्यात बघून एका राणीने सतरा स्थळं नाकारली. सोमोए हे हात हलवून, डोळे मोठे करून सांगत होती. मास्तर माझ्या शेजारी बसून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरत चाललं होतं तसं मी पाट्या ठोकल्या त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"सतरा?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"आणि तू त्याला काही विचारलं नाहीस? कोणी मोजली, कशावरून?"

"मी कशाला विचारू?"

"का? इथे तर माझ्या पिराच्या चटईचा रंगसुद्धा विचारतेस."

सोमोएने त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. मळलेला सदरा, तुटलेलं बटण, अंगठा बाहेर आलेली चप्पल.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या माणसाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशावर नावाची पट्टी होती. असा माणूस खोटं कसं बोलेल?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आत मास्तर पांढरं कापड काखोटीला मारून पायरीवर बसले होते. खिसा डाव्या बाजूला हवा, म्हणाले, आणि कॉलर अशी कडक बसव की मान वळता कामा नये.